फळ्यावरच्या तीन ओळी

"कोनं पाह्यलं?"

बातमी कितीही मोठी असो, लायब्ररीच्या बाई आधी हेच विचारायच्या. पदर कमरेला खोचलेला, एका हातात ओलं फडकं, दुसऱ्या हातात खडू आणि तोंड फळ्याकडे. मागे वळूनसुद्धा बघायच्या नाहीत. तुम्ही म्हणालात, "बाई, सगळे म्हनून राह्यले," तर त्या म्हणायच्या, "सगळे म्हन्तेत हे मीबी ऐकलं. पाह्यलं कोनं?" मग आपण गुमान पेपर उचलून बसायचं.

आमचं गाव लोणार आणि मेहकरच्या मधल्या पट्ट्यातलं. बीबीच्या बाजाराला जाणारी एसटी आमच्या फाट्यावर थांबते, ड्रायव्हरच्या मनात आलं तर. वाचनालय दोन खोल्यांचं. एकीत पुस्तकांची कपाटं, तिथेच एका कोपऱ्यात सात-आठ मुली भरतीचा अभ्यास करत बसायच्या. दुसरीत लांब टेबल आणि पेपर. अशी वाचनालयं तुम्हीही पाहिली असतील. दारात काळा फळा असतो, त्यावर रोज सुविचार लिहितात आणि तो कोणीही वाचत नाही. बाईंनी नोकरीला लागल्यावर वर्षभर इमानदारीनं सुविचार लिहिले. मग एके सकाळी फळा धुऊन काढला आणि एकाखाली एक तीन ओळी आखल्या. बातमी. कोणी सांगितलं. कोणी पाहिलं.

रोज पेपर आले की टेबलावर टाकायच्या आधी बाई ते स्वतः वाचायच्या, ओळीखाली बोट फिरवत. एक बातमी निवडायच्या आणि या तीन ओळी भरायच्या. तिसरी ओळ पुष्कळदा कोरीच राहायची. फाट्यावर चहाला जाणारे लोक थांबून आधी तिसरी ओळ बघायचे. भरलेली असली तर वरचं वाचायचे, कोरी असली तर पुढे चालू लागायचे. माझा नुसता जळफळाट व्हायचा. कारण मी त्या भागातला बातमीदार, जिल्ह्याच्या एका पेपरचा, आणि त्या कोऱ्या ओळींपैकी बऱ्याच माझ्या बातम्यांच्या असायच्या.

आता आमच्या धंद्यातली एक गोष्ट सांगतो, जी सांगू नये. तालुक्यात आम्ही चार पेपरांचे चार बातमीदार होतो आणि आमचा एक व्हॉट्सॲप ग्रुप होता. एकाला बातमी मिळाली की तो ती ग्रुपवर टाकायचा. बाकीचे तिघं पहिलं वाक्य बदलायचे आणि आपापल्या पेपरला धाडायचे. दुसऱ्या दिवशी चारही पेपरांत तीच बातमी. वाचणारा म्हणायचा, चार ठिकाणी आली म्हणजे खरीच असणार. यात काही चुकतं आहे असं मला कधी वाटलं नव्हतं. आम्ही त्याला सहकार्य म्हणायचो.

त्या दिवसांत टीव्हीवर एकच भांडण चाललं होतं. सरकार लोकांचे फोन चोरून ऐकतं की नाही? एक बाजू म्हणायची ऐकतं, दुसरी म्हणायची असं विचारणारेच देशाचे दुश्मन. आणि खुद्द सरकार म्हणायचं, हा सुरक्षेचा विषय आहे, आम्ही हो म्हणणार नाही आणि नाहीही म्हणणार नाही. बाईंनी फळ्यावर खाली चौथी ओळ आखली, सरकार काय म्हणतं, आणि तिच्यापुढे लिहिलं, उत्तर नाही. दुसऱ्या दिवशी बाकीचा फळा पुसला, ती ओळ ठेवली. तिसऱ्या दिवशीही ठेवली.

चिडलेले लोक म्हणायचे, "बाई, सरळ लिवा ना, ऐकतेत म्हनून."

"मले काय मालूम ऐकतेत का नाही? उत्तर आलं नाही एवढं मात्र मी रोज पाहून राह्यली."

दुसऱ्या बाजूचे म्हणायचे, "देशाच्या गोष्टी गुपितच ठेवा लागतेत."

"ठेवा ना. कोनाचा फोन ऐकता ते नका सांगू. कोन्या कायद्यानं ऐकता ते तर सांगा."

दोन्ही बाजूंचे लोक बाईंवर नाराज होते. बाईंना त्याचं काही वाटत नसे. नवऱ्याच्या पिठाच्या चक्कीवर रोज गावभराची कुरकुर ऐकून त्यांचे कान पक्के झाले होते.

याच गरमागरमीत आमच्या ग्रुपवर बातमी आली. आमच्याच गावात, पाण्याच्या जुन्या टाकीजवळ, खांबावर गुप्त कॅमेरा बसवला आहे आणि त्यातून गावावर पाळत ठेवली जाते. गाव माझं, खांब माझ्या घरापासून दहा मिनिटांवर, आणि मी ती बातमी मेहकरच्या एका मित्राच्या मेसेजवरून उतरवून पाठवली. चारही पेपरांत छापून आली. मी सकाळी ऐटीत वाचनालयात गेलो.

बाईंनी चारही पेपर टेबलावर एकाशेजारी एक मांडले होते. "ये पत्रकार," त्या म्हणाल्या. "जुनी टाकी पाडून वर्ष झालं. तुमाले चौघांलेबी ती उभी दिसली?"

मी चारही पेपर पुन्हा वाचले. चारहीत टाकी उभी होती.

"एकच चूक चार जागी हाये. म्हनजे लिवनारा एक आन बाकीचे उतरवनारे. चाल, मले खांब दाखव."

"आत्ता?"

"मंग कधी? कॅमेरा झोपला म्हनजे?"

भर उन्हात त्या पुढे आणि मी मागे असे आम्ही शाळेमागच्या गायरानात गेलो. खांब होता. त्यावर पांढरी पेटी होती, लहानशी सोलर प्लेट होती आणि वर वाऱ्यानं फिरणाऱ्या तीन वाट्या होत्या. बाईंनी खांबाला पूर्ण फेरी मारली, डोळे बारीक करून पेटीवरची उडालेली अक्षरं वाचली आणि तिथूनच कृषी सहायकाला फोन लावला. तो खांब म्हणजे पाऊस आणि वारा मोजायचं यंत्र होतं. पेरणीच्या आधी बसवला होता. गावातली दोन पोरं त्याला रोज दगड मारत होती, एवढीच त्याच्यावर पाळत होती.

दुसऱ्या दिवशी फळ्यावर आलं. बातमी: गावात गुप्त कॅमेरा. कोणी सांगितलं: चार पेपर, म्हणजे एक माणूस. कोणी पाहिलं: मी आणि अमुक अमुक बातमीदार. पेटीत पाऊस मोजतात. अमुक अमुकच्या जागी माझं पूर्ण नाव होतं, वडिलांच्या नावासकट. वडील हयात आहेत. त्यांनी जेवताना विषय काढला.

मी तणतणत गेलो. "बाई, तुमी माह्यी पार इज्जत काढली."

"काऊन? नीट वाच. तुह्यं नाव कोन्या ओळीत हाये?"

"तिसऱ्या."

"पह्यल्या खेपेला आलं तिसऱ्या ओळीत. घरी जाऊन पेढा खाय."

मला हसू आलं, आणि मी ते दाबलं. त्या दिवसापासून मी ग्रुपवरची बातमी उतरवणं कमी केलं. बंद केलं असं लिहिणार होतो, पण बाई वाचतील.

आता निळ्या शर्टाचा माणूस. इथून पुढचं सगळं मी स्वतः पाहिलेलं आहे.

सकाळची दहाची वेळ. टेबलाशी आम्ही तिघं होतो, मी, एक रिटायर पोस्टमन काका आणि एक किराणा दुकानदार. आतल्या खोलीत मुली होत्या. माणूस मोटारसायकलवरून आला, चप्पल न काढता आत शिरला आणि फळ्याचा मोबाईलवर फोटो काढला. मग बाईंना म्हणाला, "इथं रोज कोण येतं, कोणता पेपर वाचतं, त्याची यादी हवी आहे. हजेरी असेल ना?"

हजेरीची आमच्याकडे एक पद्धत होती. वाचनालयाचा दर्जा टिकवायला रोज किती वाचक आले ते दाखवावं लागतं. त्यासाठी दारात एक सुटा कागद असायचा. आलेला माणूस त्यावर नाव आणि पेपर लिहायचा. संध्याकाळी बाई फक्त एकूण आकडा पक्क्या रजिस्टरात चढवायच्या आणि तो कागद घरी नेऊन सकाळी पाणी तापवायच्या बंबात घालायच्या. वर्षानुवर्षं असंच चाललं होतं. त्यामुळे त्यांनी त्याला रजिस्टर दाखवलं तेव्हा त्यात नुसते आकडे निघाले. कागद बंबात जातो, हेही त्यांनी सांगून टाकलं.

"बरं," तो म्हणाला, "उद्यापासून तो कागद जाळू नका. रोज संध्याकाळी मी घेऊन जाईन."

"लेखी द्या."

"गोपनीय आहे, मॅडम."

"मंग गोपनीय असं लिवून, सही करून द्या. मी कपाटात ठेवते. चावी माह्यापाशीच असते."

तो हसला. आमच्यापैकी कोणी हसलं नाही.

"तुमचं नाव काय?" बाईंनी विचारलं.

"नावाशी तुम्हाला काय करायचं?"

"तुमाले आमच्या चाळीस लोकाइचे नावं पायजेत आन तुमाले तुमचं एक देता येत नाही?"

माणसानं आवाज खाली आणला. "मॅडम, आत पोरी अभ्यास करतात. उद्या भरतीला चारित्र्याची पडताळणी होते. फायलीत एक शेरा पडला की आयुष्यभर बसतील घरी. तुम्हीच विचार करा."

आतल्या खोलीत पानं उलटण्याचा आवाज थांबला. बाईंनी हातातला खडू टेबलावर ठेवला. बाई घाबरल्या होत्या हे मी लिहितो, कारण ते खरं आहे. मग त्या एकेक शब्द सुटा करून बोलल्या. "हे पाहा भाऊ. सांगनाऱ्यानं आपलं नाव सांगावं. वाचनाऱ्याले कोनी नाव इचारू नये. इथं लोक वाचाले येतेत."

"उद्या संध्याकाळी सहाला येतो," तो म्हणाला आणि गेला.

दुसऱ्या दिवशी बाईंनी दारातच खुर्ची टाकली. कागद मांडीवर, पेन हातात. कोणी सही करायला वाकलं की म्हणायच्या, "राहू दे, मी लिवते, तू जाय आत." दिवसभर असं चाललं. संध्याकाळी सहाला निळा शर्ट आला, आज पांढऱ्या शर्टात. बाईंनी मुकाट्यानं कागद त्याच्या हातात दिला. त्यानं वाचला, उलटून मागची बाजू वाचली, पुन्हा पुढची वाचली. बेचाळीस ओळी होत्या आणि बेचाळीस ओळींत बाईंचंच पूर्ण नाव होतं.

"या सगळ्या तुम्हीच?"

"हाव," बाई म्हणाल्या. "मी लई वाचते."

पोस्टमन काकांना हसण्याचा ठसका लागला आणि त्यांना पाणी द्यावं लागलं. माणसानं कागदाची घडी करून खिशात घातली. मग मोटारसायकलला किक मारून निघून गेला.

तो गेल्यावर बाईंनी मला बोलावलं. "पत्रकार, हे छाप. फळ्यावर उद्या लिवतेच मी, पन फळा गावापुरता हाये. जिल्ह्याले कळाले पायजे. माह्यं नाव टाक. तुह्यं टाक, तू पाह्यलं."

मी घरी आलो. बातमी लिहिली. बाईंचं नाव लिहिलं, मग खोडलं. माझं तर लिहिलंच नाही. शेवटी जे पाठवलं त्यात होतं, 'विश्वसनीय सूत्रांनी दिलेल्या माहितीनुसार'. ज्या माणसानं हातभर अंतरावरून सगळं पाहिलं, त्यानं स्वतःला सूत्र केलं. त्याची लाज मला आजही वाटते.

बातमी छापून आली त्या सकाळी मी गेलो तेव्हा बाई फळ्याशीच होत्या. आदल्या दिवशीची हकिगत, त्यांच्या नावानिशी लिहिलेली, फळ्यावर तशीच होती. ती त्यांनी तशीच ठेवून तिच्या शेजारी माझी बातमी उतरवली. बातमी: वाचकांची यादी मागितली. कोणी सांगितलं: नाव नाही. कोणी पाहिलं: लिहिलेलं नाही. त्यांच्यावरच बेतलेली खरी बातमी, आणि तिलाही त्यांनी सवलत दिली नाही.

"बाई, तुमच्या काळजीनं केलं," मी म्हणालो.

"माह्या काळजीनं का तुह्या?"

मी टेबलावरचे पेपर उगाच सरळ करत बसलो.

"मले सूत्र केलं तू," त्या म्हणाल्या. "मी काय तोंड लपवून राह्यली होती? आता त्याइले म्हनाले मोकळं झालं, असं काही झालंच नाही म्हनून."

तसंच झालं. दोन दिवसांत सरकारी खुलासा छापून आला. निनावी सूत्रांच्या आधारे दिलेली ही बातमी खोडसाळ आहे, असा कोणीही माणूस वाचनालयात गेलेला नाही. खुलाशाखालीही कोणाचं नाव नव्हतं. वाचनालयाच्या अध्यक्षांनी बैठक घेतली. ते भले गृहस्थ, पण कागदाला फार भितात. म्हणाले, "बाई, पेपरवालासुद्धा नाव देत नाही आन तुमी फळ्यावर देता. कायले लफडं? उद्यापासून सुविचार लिवा."

"फळा असाच राहीन."

"मंग तुमाले राहता येनार नाही."

"बरं," बाई म्हणाल्या. त्यांनी कमरेची चावी काढून टेबलावर ठेवली, ओलं फडकं पिळून खिडकीत वाळत घातलं आणि चक्कीच्या वाटेनं घरी गेल्या. एका वाक्यात सोळा वर्षांची नोकरी संपली. मी तिथेच बसलो होतो, आणि 'हे मी पाहिलं' एवढंही म्हणालो नाही.

रात्रभर काय झालं ते सांगत नाही. सकाळी मी बातमी पुन्हा लिहिली, या वेळी 'मी पाहिलं' असं, खाली माझं नाव घालून. पेपरनं घेतली नाही. विषय संपला आहे, असं उत्तर आलं. मग मी वाचनालयात गेलो. फळ्यावर सुविचार होता, सत्याचा नेहमी विजय होतो. माझं डोकंच फिरलं. खिडकीतलं फडकं घेतलं, ओलं केलं, सुविचार पुसला आणि तीन ओळी आखल्या. माझं अक्षर फार वाईट आहे. बातमी: वाचकांची यादी मागायला माणूस आला होता. कोणी सांगितलं: मी. कोणी पाहिलं: मी. दोन्ही ठिकाणी पूर्ण नाव लिहिलं, वडिलांच्या नावासकट.

पोस्टमन काका आले. त्यांनी वाचलं, माझ्या हातातून खडू घेतला आणि माझ्या नावाखाली आपलं नाव लिहिलं. मग पत्ता लिहिला, पिनकोडसकट. किराणा दुकानदारानंही वाचलं. "दुकान उघडा लागते," असं पुटपुटून तो निघून गेला. मी त्याचा राग धरत नाही. म्हणजे धरतो, पण थोडा. मीही आठ दिवस तेच केलं होतं.

आतल्या खोलीतून एक मुलगी बाहेर आली. तिनं खडूसाठी हात पुढे केला. "मीबी ऐकलं सगळं," ती म्हणाली. काकांनी खडू खिशात टाकला. "तू वाचनारी हायेस, पोरी," ते म्हणाले. "तुह्यं नाव नाही लागत. जाय, अभ्यास कर."

दुपारी अध्यक्षांनी फळा पुसला. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघांनी पुन्हा लिहिलं. त्यांनी पुन्हा पुसला. असं नऊ दिवस चाललं, तोवर बीबीच्या बाजारापर्यंत बोलबाला झाला आणि लोक मुद्दाम फळा बघायला यायला लागले. दहाव्या दिवशी फळाच काढून नेला. भिंतीत त्याचे चार खिळे अजून आहेत, आणि चहाला जाणारे लोक अजून तिथं क्षणभर मान वळवतात. यादी मागायला मात्र पुन्हा कोणी आलं नाही. त्या मुलींपैकी दोघी आज पोलिसात आहेत. त्यांच्या फायलीत कसलाही शेरा पडला नाही. हे मी त्यांनाच विचारून लिहितो आहे.

बाईंना कोणी परत बोलावलं नाही. पुढे चक्की विकून दोघं नवरा-बायको लोणारला मुलीकडे गेले. मी दोन वर्षं त्यांना तोंड दाखवलं नाही.

गेल्या उन्हाळ्यात एका कामानं लोणारला गेलो होतो. एसटीला वेळ होता म्हणून तिथल्या एका वाचनालयात शिरलो. कोपऱ्यातल्या बाकावर बाई होत्या. केस पांढरे झालेले, चष्मा जाड झालेला, आणि ओळीखाली बोट तसंच फिरत होतं. दारातल्या तरुण ग्रंथपालानं माझ्यापुढे हजेरीची वही सरकवली आणि हळूच विचारलं, "त्या बाई रोज येतात, पण नाव काही लिहीत नाहीत. विचारलं तर नुसत्या हसतात. तुम्ही ओळखता का?"

"वाचतात ना?" मी म्हणालो. "मग वाचू द्या."

इतका वेळ वाचताना तुमच्या मनात आलं असेल की हा एवढं सांगतो आणि बाईंचं नाव का सांगत नाही. फळ्यावर त्यांनी ते कितीदा तरी ठळक लिहिलं. मी ते छापायचं होतं तेव्हा छापलं नाही, ते माझं पाप. पण आता त्या वाचायला बसतात. म्हणून मी ते सांगणार नाही, आणि कोणी लेखी मागितलं तरी देणार नाही.

मी जवळ जाऊन उभा राहिलो. बाईंनी वर पाहिलं. ओळखलं, पण तसं काही म्हणाल्या नाहीत. त्यांच्यापुढच्या पेपरात माझी एक बातमी होती, धरणाच्या कालव्याची, वर माझं नाव असलेली. त्यांनी त्या नावावर बोट ठेवलं.

"कोनं पाह्यलं?"

"मी," मी म्हणालो. "तीन दिवस कालव्यावर हिंडलो, बाई."

"हाव?" त्या म्हणाल्या. "मंग वाचते."

त्यांनी चष्मा नीट केला, बोट पहिल्या ओळीखाली नेलं आणि वाचायला सुरुवात केली. मी एसटी सोडली आणि त्यांचं वाचून होईपर्यंत शेजारी बसून राहिलो.